मुळगावचा चिरा आणि फोनातले टिंब

मी एक जुना हद्दीचा चिरा आहे, मित्रांनो, आणि बाबुरावाचे वागणे मला मुळीच पटलेले नाही. साठ पावसाळे मी एका जागी उभा. तरी त्याने माझ्या डोक्यावर फोन ठेवला, नकाशातल्या हद्दीच्या रेघेजवळ निळे टिंब कुठे पडते ते बघितले आणि वाडीभर ऐकू जाईल असा ओरडला, "ह्यो चिरो सरकलेलो आसा!"

मुळगावच्याच तांबड्या कातळातून मला कापले. पद्मावतीच्या सासऱ्याने आणि बाबुरावाच्या बापाने मिळून मला इथे पुरले. माझ्या एका अंगाला पद्मावतीची विहीर, दुसऱ्या अंगाला बाबुरावाचा गोठा. पूर्वी गवत कापताना दोन्ही घरची माणसे मला जपून हात लावत. मग फोन आले. माझ्यावर शेवाळ चढले, कोणी विचारीना.

फोन म्हणत होता, मी बाबुरावाच्या जमिनीत चार पावले आत आहे. म्हणजे हद्द विहिरीच्या पलीकडे. वैशाखात न आटणारी अशी विहीर वाडीत दुसरी नाही, हे बाबुरावाला पक्के ठाऊक.

पद्मावती कमरेवर हात ठेवून आली. "दगडाला पाय फुटले काय रे?"

"वयनी, वर उपग्रह आसा. तो खोटां कित्याक सांगतलो?"

पद्मावतीच्या मागून तिची नात सेजल आली; ती मंगळाचे नकाशे करायला शिकते. आभाळातून मोजणारी ती पण उपग्रहवाल्यांतलीच, म्हणून म्हातारीने तिच्याकडेही संशयाने बघितले. खरे सांगू? मीही.

"तुझ्या मंगळावर टेप घेऊन कोण गेला होता गो?"

"कोणी नाही, आजी. यान वरून फोटो काढतं. एकाच खड्ड्याचे पुष्कळ फोटो आम्ही जुळवतो. ते तंतोतंत जुळत नाहीत. मग इतक्या मीटरची चूक असू शकते, असं नकाशासोबत लिहून देतो."

"आपलीच चूक लिहून देता? एवढं शिकून हे मिळवलंस?"

सेजल हसली. "काका, तुम्ही एकदाच मोजलंत ना? परत मोजा."

बाबुरावाने दुपारी फोन ठेवला. टिंब बरोबर हद्दीवर. त्याचे तोंड उतरले. संध्याकाळी परत ठेवला, तर मी पद्मावतीच्या जमिनीत सहा पावले आत! म्हणजे हद्द सरकून गोठ्याच्या पलीकडे गेली.

"वर फणस आहे ना," सेजल म्हणाली. "फोनला आभाळ नीट दिसत नाही. टिंब इकडे तिकडे जातं."

मित्रांनो, मी होतो तिथेच होतो. नवी यंत्रे जरूर वापरा, पण एकदा बघून शेजाऱ्यावर धावून जाऊ नका. आणि जुन्या खुणांवरचे शेवाळ अधूनमधून खरवडत जा.

पद्मावतीने गोठ्याकडे बघितले. बाबुराव धावत जाऊन गोठ्याच्या दारात उभा राहिला. तेव्हा ती माझ्यावर हात टेकून म्हणाली, "बाबुरावा, तुझ्याच फोनाने तुझा गोठा म्हशीसकट माझा झाला. पण मी नाही घेणार. मंगळावर भांडायला शेजारी नाही, तरी ती पोरं आपली चूक लिहून ठेवतात. तुला तर शेजारीण आहे. उद्यापासून पाणी न्यायला ये, पण आधी माझ्यासमोर बोल, चूक कोणाची होती ती!"