फळ्यावरचे वाचलेले

शिरपूरच्या आमच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा होता आणि त्यावर लिहायचं काम माझ्याकडे होतं. एसटीत अठ्ठावीस वर्षं कंडक्टरकी केलेली, त्यामुळे कमी जागेत जास्त माणसं कोंबायची सवय. फळ्यावरही मी तेच करायचो. कोण काय वाचतंय आणि इतरांनी ते वाचावं का, हे तीन रकान्यांत लिहायचं: नाव, विषय, शिफारस. शिफारस वाचकाची, तिखटमीठ माझं. शेळीपालनाच्या एका पुस्तकापुढे मी लिहिलं होतं, 'हे वाचून दाखवल्यावर वाघाडीच्या एका बोकडाने दोन शेर दूध दिले.' पुस्तकासाठी अकरा जणांनी नंबर लावला. त्यातल्या तिघांकडे तर नुसते बोकडच होते.

आधी फळ्याचा मथळा होता, 'सभासदांनी नुकतीच वाचलेली पुस्तके'. त्यातच निम्मा फळा संपायचा. मी तो छाटत छाटत 'वाचलेले' एवढाच ठेवला. मोठा, रस्त्यापलीकडून दिसेल असा.

ग्रंथपाल लीलाबाई म्हणाल्या, "नाना, पुस्तकं वाचलेली असतात. वाचलेले काय?"

"फळ्यावर नावं माणसांची आहेत ना, ताई? मग माणसं वाचलेले."

त्यांनी कपाळाला हात लावला. तेव्हाच ऐकायला हवं होतं.

त्र्याण्णव साल होतं. बदली होऊन गेलेल्या एका डॉक्टरांनी आरोग्याच्या पुस्तिकांचा गठ्ठा वाचनालयाला दिला होता आणि महिनाभर गावात दुसरं काही वाचलं जात नव्हतं. त्या मंगळवारी फळ्यावर तीन नावं होती. लोटन, सर्पदंश, घाबरू नये. सुंदरबाई, भाजणे, फार त्रास नाही. तोताराम, हृदयविकार, शेवटपर्यंत टिकत नाही. पुस्तिका शेवटी कंटाळवाणी होते, असं तोतारामचं म्हणणं.

वाचनालयाला लागूनच सरकारी दवाखाना. मध्ये एक कडुलिंब, बस्स. दुपारी बाराच्या सुमारास फाटकापाशी गलका झाला. सेंधव्याच्या घाटात बाजाराची जीप दरीत गेली होती. आत नऊ आणि टपावर पाच माणसं होती म्हणे. जखमींना आत नेऊन फाटक लावलेलं. पाड्यांवरून नातेवाईक येत होते, फाटकाच्या गजांना धरून उभे राहत होते, आणि आतून कोणी काही सांगत नव्हतं.

मी स्टुलावर उभा राहून चौथं नाव लिहायच्या बेतात होतो. मागून कोणीतरी अक्षरं जुळवताना ऐकू आलं.

"वा... च... ले... ले."

वळून पाहिलं. विशीतली एक बाई, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि तिचा दंड धरलेला एक म्हातारा. ती गुंताबाई, तो तिचा सासरा तेरसिंग. जीपमध्ये तिचा नवरा होता, करमसिंग.

"पुढे वाच, बेटा," म्हातारा म्हणाला. "बठ्ठा नावं वाच, एक बी सोडू नको."

"लोटन... सर्पदंश... घाबरू नये."

"दरीमा साप बी व्हतात का?" तेरसिंगनं मला विचारलं.

मला हसू आलं, अगदी ओठांपर्यंत. मग तिचं बोट दिसलं. ते फळ्यावरून एकेका नावाखाली सरकत होतं. तोतारामच्या ओळीवर ती अडखळली, 'शेवटपर्यंत टिकत नाही' दोनदा वाचलं आणि पदर तोंडात धरला. त्याखाली काही नव्हतं.

"बाबा, त्यासनं नाव नई शे."

मी खाली उतरलो. "बाई, हे ते वाचलेले नाहीत. हे नुसते वाचलेले." बोललो आणि माझं मलाच कळलं की मी काहीच बोललो नाही. "म्हणजे पुस्तकं वाचलेले. हा लोटन शिंपी, तो काय तिकडे दुकानात पायजमा शिवतोय!"

"म्हंजे वाचना ना तो! जित्ता शे ना!" तेरसिंग म्हणाला.

आयुष्यभर जिभेवर जगलो, आणि एक साधा शब्द मला सोडवता येईना.

गुंताबाईनं माझ्या हाताकडे पाहिलं. "खाले जागा शे, नाना. लिखानं ऱ्हायनं व्हई. मी सांगस. क, र, म..." साक्षरतेच्या वर्गात ती फक्त चार महिने गेली होती. बाकी अक्षरं नवऱ्याच्या हातावर शिकली. त्यानं होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात डाव्या हातावर आपलं नाव गोंदवून घेतलं होतं. संध्याकाळी तो हात पुढे करायचा आणि ती बोट फिरवायची. हे सगळं ती भरभर सांगत होती, थांबली तर मी खडू ठेवीन अशा भीतीनं.

मी लिहिलं. करमसिंग.

तिनं श्वास सोडला. पण ती मला तशी सोडणारी नव्हती. "पुढला घर भरा. काय व्हयनं त्यासले?"

'खरचटले', मी लिहिलं.

तेरसिंग मटकन खाली बसला आणि फळ्याला हात जोडून रडायला लागला. ते पाहून फाटकावरची माणसं एकेक करून आमच्याकडे वळली. "नाना, आमचंही लिव्हा." "माझी पोर होती मागच्या सीटवर." "आमचं आधी!" लिहिलं तर काय, आणि कुणाचं सोडलं तर काय? मी खडू स्टुलावर टाकला आणि दवाखान्याच्या मागच्या दारानं आत पळालो.

कंपाउंडर भाईदास माझ्या ओळखीचा. हातात सलाईनच्या बाटल्या घेऊन धावत होता.

"करमसिंग? नावं कोण सांगतंय नाना इथं! निम्म्यांची शुद्ध नाही. दोघं तर..." त्यानं हनुवटीनं पत्र्याची खोली दाखवली.

त्या खोलीत मी एकटाच गेलो. दोन चादरी होत्या. बाहेर फळ्यावर माझ्या अक्षरात 'खरचटले' लिहिलेलं होतं आणि इथे पत्रा उन्हानं कडकड वाजत होता. पहिल्या चादरीतून डावा हात काढला. कोरा. दुसऱ्या चादरीतून डावा हात काढला. मनगटाच्या वर गोंदलेलं होतं. 'क' दिसत होता, पुढचं सगळं सुकलेल्या रक्ताखाली. खांद्यावरचा पंचा थुंकीनं ओला केला आणि पुसायला लागलो. हात हलक्यानं पुसावा की जोरात, हेही कळेना. 'क'नंतर 'र' येऊ नये, एवढंच मी म्हणत होतो. 'स्तु' आलं. मग 'रा'. कस्तुरा.

मला आनंद झाला. मेलेल्या माणसाचा हात हातात धरून मला उकळी फुटावी तसा आनंद झाला. त्या आनंदाची मला जेवढी भीती वाटली, तेवढी चादरीचीही वाटली नव्हती.

करमसिंग व्हरांड्याच्या टोकाला भिंतीला टेकून बसला होता. जबडा मोडलेला, तोंड फडक्यानं बांधलेलं, म्हणून नाव सांगू शकला नव्हता. मी त्याच्यासमोर बसून त्याचा हात वाचला, मग पुन्हा वाचला, आणि भाईदासच्या पाया पडून गुंताबाईला आत आणवलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. आधी हातावरून बोट फिरवलं. क, र, म, मग उरलेलं. मग डोकं त्याच्या मांडीवर टाकलं.

मी बाहेर आलो. फळा काठोकाठ भरला होता. शाळेत शिकलेल्या कुणीतरी माझा खडू उचलून सगळ्यांची नावं लिहून दिली होती, आणि प्रत्येक नावापुढे माझ्या ओळीवरून उतरवून 'खरचटले'. लोटन, सुंदरबाई, तोताराम पुसून टाकले होते. माणसं फाटक सोडून कडुलिंबाखाली निवांत बसली होती. कुणी भाकरीचं फडकं सोडलं होतं.

खालच्या ओळीपाशी एक आबा राखण करत उभे होते. कुणाचा खांदा लागून अक्षर पुसलं जाऊ नये म्हणून हात आडवा धरला होता.

"नाना, तुम्ही वाचनारा मानूस," ते म्हणाले. "मना पोऱ्यानं नाव बराबर लिखायनं का? तो व्हता जीपमा."

मी वाचलं. कस्तुरा. स्तु अगदी बरोबर काढला होता.

"बरोबर आहे, आबा," मी म्हणालो. "चला, माझ्यासोबत आत चला."

त्यांनी आडवा हात काढला आणि माझ्या हातात दिला. "खरचटनंच शे ना?" फाटकात विचारलं. व्हरांड्यात पुन्हा विचारलं. पत्र्याच्या खोलीपर्यंत मी एकेक पाऊल जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवत गेलो, आणि त्या म्हाताऱ्याला सांगण्यासारखी एकही थाप मला सुचली नाही.