वाणाचा तांदूळ

अरुंधती मिरजेची. ज्वारीची पारख तिला डोळे मिटूनही जमायची, पण तांदूळ म्हणजे तिच्या लेखी सणावारी आणायची गोष्ट. देवेशला न्हावा शेवाच्या बंदरात नोकरी लागली आणि दोघं लहानग्या अनुयाला घेऊन नवीन पनवेलला राहायला आली. इथे रोज भात. कोपऱ्यावरच्या चारुदत्तशेटने तिच्या तळहातावर लालसर दाणे ठेवले आणि म्हणाला, ‘‘वहिनी, हा इथल्या आपटा गावातला गावठी तांदूळ. हातसडीचा, खताचा कणही नाही. लेकीला याची पेज द्या, बघा कशी बाळसं धरते ते.’’ परक्या गावात कुणीतरी आपलं भेटल्यासारखं वाटलं तिला.

‘‘धुवायचा किती पाण्यांतून?’’

‘‘धुवायचाच नाही! सगळं सत्त्व पाण्यातून जातं. नुसता पाखडायचा आणि शिजवायचा.’’

तिने तसंच केलं. चिऊकाऊच्या गोष्टी सांगत वाट्या वाट्या पेज पोरीला भरवली. पावसाळा संपता संपता अनुयाला उलट्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ‘‘पोटात काहीतरी भलतं जातंय रोज. काय खायला देता?’’

अरुंधती तडक घरी आली, डबा उघडला आणि मूठभर तांदूळ पातेल्यातल्या पाण्यात टाकला. पाणी गेरूच्या डबक्यासारखं झालं. ते ओतून दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. हातात उरला तो पांढराफटक, जाडाभरडा तांदूळ.

संध्याकाळी तिने ते पातेलं दुकानात नेऊन काउंटरवर आदळलं. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं. चारुदत्तने पातेल्यात पाहिलंसुद्धा नाही.

‘‘वहिनी, गावठी तांदूळ रंग सोडतोच. भाकरी खाणाऱ्यांना भातातलं काय कळणार?’’ तो सगळ्यांकडे बघून हसला. ‘‘पोर आजारी पडली तर आधी आपलं स्वयंपाकघर बघावं. लेकराच्या पोटात काय घालावं हे आईलाच कळेना, तर वाण्याने काय करायचं?’’

लोक हसले. शेजारच्या जिन्यातल्या ओळखीच्या बायकाही हसल्या.

देवेश म्हणाला, ‘‘आपण रीतसर तक्रार करू.’’

‘‘नको. बंद खोलीत तो दोन शब्दांत सुटेल,’’ ती म्हणाली. ‘‘मला तो याच लोकांसमोर हवाय.’’

अनुया घरी आली, हळूहळू खायला-खेळायला लागली. अरुंधती पुन्हा त्याच दुकानात गेली. ‘‘चुकलं माझं, शेट. रागाच्या भरात बोलले,’’ म्हणाली. तिच्या जिभेला ते वाक्य कडू लागलं, पण तिने ते गिळलं. डाळ, साखर, दिवाळीचं सामान, सगळं त्याच्याकडूनच घेतलं. हसून घेतलं. तांदूळही घेतला, फक्त शिजवला नाही.

सोसायटीतल्या बायका संक्रांतीच्या हळदीकुंकवाची बोलणी करू लागल्या, तेव्हा तिनेच सुचवलं, ‘‘साखरभाताची स्पर्धा ठेवू. तांदूळ शेट देतील.’’ चारुदत्तला तर पर्वणीच वाटली. नव्या इमारतीत त्याचं दुसरं दुकान निघणार होतं. प्रत्येक बाईला वाण म्हणून गावठी तांदळाची पिशवी द्यायचं त्याने कबूल केलं, आणि पाहुणा म्हणून बायकोसकट यायचंही.

जवळच्या कोन गावाहून भाजी घेऊन येणाऱ्या हौसाकडून अरुंधतीने तिच्या घरचा लाल तांदूळ मागवला. ‘‘तू पण ये हळदीकुंकवाला,’’ तिने सांगितलं. ‘‘तांदूळ घेऊन ये.’’

मांडवात चारुदत्तने मातीच्या गुणांवर छान भाषण केलं. टाळ्या पडल्या. मग अरुंधतीने माईक घेतला. ‘‘स्पर्धेचा पहिला नियम. वाणाचा तांदूळ आपापल्या टबात तीन पाण्यांतून धुवायचा.’’

चारुदत्त खुर्चीतून अर्धवट उठला. ‘‘अहो वहिनी, तो धुवायचा नसतो...’’

‘‘नियम आहे, शेट. बसा.’’

पांढऱ्या टबांतलं पाणी बघता बघता लालभडक झालं. बायका आधी कुजबुजल्या, मग एकेकीचा आवाज चढला. तिसऱ्या पाण्याला सगळ्यांच्या हातात पांढरा तांदूळ होता.

‘‘गावठी तांदूळ रंग सोडतोच!’’ चारुदत्त ओरडला.

अरुंधतीने हौसाला पुढे बोलावलं. हौसाने सगळ्यांदेखत आपला तांदूळ चोळचोळून धुतला. पाणी जरासं गढूळलं, दाणा मात्र लालच राहिला. ‘‘धुवा किती पन,’’ ती म्हणाली. ‘‘आमी नाय रंगवत, बाय.’’

अरुंधती चारुदत्तच्या बायकोकडे वळली. ‘‘सत्यवतीवहिनी, तुमच्या घरी हाच शिजतो ना?’’

सत्यवती गोंधळली. नवऱ्याकडे न बघताच तिच्या तोंडून निघून गेलं, ‘‘आमच्याकडे... कोलम.’’

अरुंधतीने टबातलं लाल पाणी पेल्यात घेतलं आणि त्याच्यासमोर धरलं. ‘‘सत्त्व पाण्यात जातं म्हणाला होतात. घ्या. माझ्या पोरीने महिनोन् महिने घेतलंय.’’

त्याने इकडेतिकडे पाहिलं. हसणारं कुणी नव्हतं. नाकारलं असतं तर ती कबुलीच झाली असती. त्याने पेला तोंडाला लावला, दोन घोट घेतले, ठसका लागला. पांढऱ्या सदऱ्यावर लाल ओघळ उतरले. अरुंधती ते बघत राहिली. त्याला कुणी रुमाल आणून देऊ नये असं तिला वाटत होतं, आणि कुणी दिलाही नाही.

त्या संध्याकाळी बायकांनी पिशव्या त्याच्या दुकानाच्या पायरीवर रित्या केल्या. त्यानंतर तिथे कुणी साधी काडेपेटी घ्यायलाही फिरकलं नाही. दुसरं दुकान निघालं नाही, आणि होळीच्या आधी पहिल्याचं शटरही खाली आलं.

एका दुपारी सत्यवती दारात आली. डोळे सुजलेले होते. ‘‘दुकान पुन्हा उघडू. एकदा तुम्ही स्वतः तिथे येऊन सामान घेतलंत तर लोक विसरतील हो. ते जेवत नाहीत नीट. आमच्या मुलींना शाळेत चिडवतात.’’

मुलींचं ऐकून अरुंधतीच्या आत काहीतरी हललं. पण ते क्षणभरच.

‘‘माझी पोर सलाईनवर होती, वहिनी. तेव्हा तुमच्या घरात कोलम शिजत होता आणि तुम्हाला माहीत होतं.’’

सत्यवती जिना उतरून गेली. अरुंधतीने तिला पाणीही विचारलं नाही.

ते कुटुंब पेणकडे निघून गेलं असं पुढे कानावर आलं. रात्री जेवताना देवेश म्हणाला, ‘‘गाव सोडून गेला बिचारा. झालं ना समाधान?’’

‘‘झालं,’’ अरुंधती म्हणाली, आणि अनुयाच्या पानात आणखी भात वाढला.