मिठाच्या बरणीतलं मापक

बरणीत नव्वदच होते... न्याहारीच्या आधीही नव्वद, आत्ताही नव्वद — आल्सीदने चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, खिडकीशी जाऊन बरणी उजेडात धरली. तळाशी टोपणात ओलं मीठ, शेजारी हवेतला दमटपणा मोजणारं काडेपेटीएवढं मापक, आणि त्याच्या काचेत निर्लज्जासारखा तोच आकडा. पंचाहत्तर यायला हवे होते. ओलं मीठ घालून बरणी घट्ट लावली की आतला दमटपणा पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबतो, मग मापक खरं की खोटं ते कळतं — शेजारच्या रेजीने काल कुंपणावरून ओरडून सांगितलं होतं. "मिठात घालून बघितलंस का रे कधी? नाही? अरे देवा! मग इतके दिवस तू ऐकतोयस तरी कुणाचं?"

आल्सीद तेव्हा हसला होता. हसायला काय जातं!

बरणी काखेत धरून त्याने जिन्याखालच्या कोठीचं कुलूप काढलं. इथल्या कायद्याने दर घराला चार झाडांची मुभा, म्हणून चारच, दिव्याखाली दाटीवाटीने उभी. गांजाचा तो उग्र, चिकट वास, आणि स्वयंपाकघरातली हवा आत ओढणारा पंखा. मापकाच्या भरवशाशिवाय इथे उभं राहायचं म्हणजे पायाखालची जमीन गेल्यासारखं वाटत होतं. त्याने एकेक बोंड हलकेच उलगडून पाहिलं. काही नाही. हे काही नाही... हेही... पण मागच्या वर्षीही वरून काहीच नव्हतं की! वरून चांदीसारखी बोंडं, आणि काढणीच्या तोंडावर एक उघडलं तर आत करडी बुरशी, बोटांत धरताच ओल्या राखेसारखी विरली — समुद्रावरून धुकं येत राहिलं होतं आणि याला पत्ताच नाही. सगळी झाडं जाळावी लागली. आणि मग त्याच्या बायकोचा, झेलीचा, तो हिवाळा. दुकानातलं गांजाचं तेल तिला मानवत नाही; या फुलांचं तेल जिभेवर घेतलं की तिच्या बोटांच्या गाठींतली कळ निवायची, झोप यायची. त्या हिवाळ्यात ती मनगटं आवळून स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची, आणि रडायची नाही, शिव्या द्यायची. पुन्हा नाही, असं त्याने ठरवलं होतं. काहीही होवो, पुन्हा नाही. म्हणून तर हे मापक आणलं.

आणि त्याचं ऐकलं. मापक पंचेचाळीस दाखवीपर्यंत ओल शोषणारं यंत्र सतत घरघरत ठेवलं. चुलीवर पाण्याचं पातेलं ठेवायचं नाही, कपडे घरात वाळत घालायचे नाहीत, कोंबडी-बटाट्याचं फ्रिको शिजवायचं तर झाकण लावून... झेली म्हणायची, "हवा कोरडी झालीये, आल्सीद. घसा सोलून निघालाय माझा."

"साठ आहेत, झेली. साठ! बुरशीला आमंत्रणच."

"तुझ्या त्या डबीला माझा घसा दिसतो का?"

मग ती दाराशेजारी ठोकलेल्या फर झाडाच्या डहाळीकडे बोट दाखवायची. दमट हवेत ती डहाळी खाली झुकते, कोरडीत वर उचलते. तिचे बाबा ती बघून होडी काढायचे. "बघ की, कशी ताठ वर गेलीये!" आणि हा रेजीच्या देखत म्हणाला होता, "ती समुद्रासाठी असते गं. फ्रिको शिजलं की नाही तेही सांगते का ती?" रेजी पोट धरून हसला होता. झेली हसली नव्हती.

आणि त्याचा स्वतःचा हात? उभा जन्म हेरिंग मासळी धुरी देऊन वाळवण्याच्या शेडमध्ये गेला, नुसता पंजा आत घालून तो सांगायचा, मासा वाळेल की आंबेल. त्याच हाताची कातडी इतके दिवस ताणली जात होती, ओठ फुटत होते... म्हाताऱ्याचा हात, त्याला काय कळतंय, असं म्हणून त्याने तो खिशात घातला होता.

नव्वदातून पंचाहत्तर गेले. पंधरा. म्हणजे मापक पंधराने चढं बोलत होतं, साठ म्हणजे खरे पंचेचाळीस... झाडं सुखरूप होती! पहिल्यापासून सुखरूप! आनंदाने तो जिन्याच्या पायरीवरच बसला, बरणी मांडीवर घेऊन. वाचली, सगळी वाचली — आणि मग ते पंधरा मागे मागे चालत निघाले, थांबेनातच. ज्या दिवशी त्याने तिचं पातेलं उचलून मोरीत ओतलं त्या दिवशी. तिच्या उशीवर नाकातलं रक्त होतं त्या सकाळी. त्याने झाकण आदळलं आणि ती हातातला डाव तसाच टाकून निघून गेली त्या दुपारी — त्यानंतर तिने फ्रिको केलंच नाही. पंचेचाळीस म्हणजे खरे तीस. तीस! तसल्या हवेत शेडमधली हेरिंगसुद्धा तडकली असती. तिच्यासाठीच केलं ना मी सगळं? तिच्यासाठीच... मग ती सांगत होती ते मी का ऐकलं नाही?

"आल्सीद?" स्वयंपाकघरातून झेलीचा घोगरा आवाज आला. "आज काय म्हणतेय डबी? ठेवू का जरा पाणी?"

रोजचाच प्रश्न. पूर्वी ती तो चिडवत विचारायची. आता नुसतीच विचारत होती, परवानगी मागावी तसं. ती चेष्टा कधी संपली ते याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ठेव," तो म्हणाला.

"काय?"

"ठेव गं. मोठं पातेलं ठेव."

पातेल्याचा आवाज झाला, पाणी पडल्याचा आवाज झाला. मग ती खोकली, आणि खोकता खोकताच हसली. "सोडलास ना शेवटी त्या आकड्याचा हट्ट? माझ्यासाठी? गुणाचा रे माझा नवरा!"

मापकच खोटं होतं, हे सांगायला हवं होतं. आत्ताच. की पाणी उकळल्यावर... की तिने चहा घेतल्यावर... थोड्या वेळाने वाफेचा पहिला उबट ओलावा कोठीपर्यंत आला, त्याच्या हाताला लागला, आणि ताणलेली कातडी सैल होऊ लागली. बुरशीची भीती मनात शोधूनही सापडत नव्हती. पण झेली आता कपात चहा घेऊन इकडेच येईल, बरणी बघेल, हे काय म्हणून विचारेल; तिची पावलं जवळ येऊ लागली तशी त्याला तीच भीती वाटू लागली, बोंडं उलगडताना आत करडं काही निघेल म्हणून वाटायची ती.