बंपरातल्या भुताचं बिऱ्हाड

दोक्सूने टॅक्सी रिव्हर्सला टाकली आणि गाडी किंचाळू लागली. डॅशबोर्डच्या पडद्यावर डावीकडे लाल पट्टी पेटली. मागे सोलमी बंदराची भिंत चांगली वीस पावलं लांब, मध्ये कुत्रंसुद्धा नाही. जमलेल्या कोळ्यांनी श्वास रोखला. पूजेच्या टेबलावरचं डुकराचं मुंडकं तेवढं हसत होतं. गाडीच्या पूजेला मुंडकं हसरंच निवडून आणतात.

मेंगबाईंच्या अंगात यायचं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा तेच सांगितलं, की डाव्या चाकामागे दोक्सूचा बुडालेला धाकटा भाऊ निथळत उभा आहे. थोरल्याने आपल्याला होडीवर एकट्याला पाठवलं, हा राग त्याच्या मनातून जात नाही. एवढं सांगून त्यांनी तांदळाच्या पांढऱ्या दारूचा तिसरा घडा तिथेच बंपरवर रिता केला. पहिला नवी गाडी आली तेव्हा, दुसरा ती ओरडू लागल्यावर. भूत पक्कं पिणारं असावं. दर घड्यागणिक त्याचा आवाज चढत होता.

बारा दिवस टॅक्सी जागची हलली नव्हती. दोक्सूची म्हातारी आई रोज तिच्यामागे बसून बंपराशी बोलायची. थोरल्याशी मात्र तिने बोलणंच टाकलं होतं.

गुमसुन ही गावातली एकुलती एक मेकॅनिक. तिला हे बघवेना. ती पेटी घेऊन पुढे आली.

"हात लावलास तर हात झडेल," मेंगबाई म्हणाल्या.

"कुठला ते सांगा बाई, पाना दुसऱ्या हातात धरते."

ती गाडीखाली शिरली. बंपरमागची वायर सोडवली, दोन खुंट्या दाबल्या, आणि कोटाच्या बटणाएवढा सेन्सर हातात आला. त्याच्या तोंडावर पेजेसारखा पांढरा थर वाळून बसला होता. हा कानाला न कळणारा आवाज सोडतो, तो आपटून परत आला की मागे काही आहे असं समजतो, तिने सांगितलं. तोंडच खरकटं झालं की याला सगळीकडे भिंत दिसते.

दारूच्या डागात भूत राहत नसतं, मेंगबाई फणकारल्या.

गुमसुनने वाद घातला नाही. तिने डावा सेन्सर उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. दोक्सूने रिव्हर्स टाकला. लाल पट्टी उजवीकडे पेटली.

"घ्या. तुमच्या भुताचं बिऱ्हाड मी हलवलं."

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. गुमसुनने तोच सेन्सर काढून कोमट पाण्याने धुतला, पुन्हा बसवला. या वेळी गाडी गप्प राहिली.

तिसऱ्या घड्यानेच तो शांत झाला, असं म्हणत मेंगबाई मुंडकं आवरू लागल्या.

"मग चौथा ओता," गुमसुन म्हणाली. "वाळेपर्यंत थांबू आपण सगळे."

मेंगबाईंनी घड्याला हात लावला नाही.

म्हातारी पुढे आली. "म्हणजे तो थोरल्यावर रागावलेला नाही?"

"आजी, समोर काहीतरी आहे, एवढंच या बटणाला कळतं. कोण आहे आणि कुणावर रागावलंय, हे त्याला कळत नाही. या बाईंनाही नाही. मला कळतं असं जो म्हणेल, त्याला आधी म्हणायचं, उघडून दाखव. मग घाबरायचं की नाही ते ठरवू."

 म्हातारी पुढचं दार उघडून दोक्सूशेजारी बसली आणि समोर बघत म्हणाली,

"घे मागे."