साहेबरावांनी मला शाम्पूनं धुतलं

मी हेल्मेट बोलतोय. हेलिकॉप्टर उडवणाऱ्या माणसाचं. ज्या वैमानिक बाईचा म्हणून तुम्ही माझे फोटो काढलेत, तिचा मात्र मी नव्हे.

मी नवनाथचा. फ्लाइट लेफ्टनंट नवनाथ, राहणार आकुर्डी. त्याचे आईवडील बीडकडून कामासाठी आलेले. वडील लवकर गेले. आई, शालनबाई, कामगारांचे डबे करते. ती माका घालून तेल कढवायची आणि बाटल्या भरून पोराला पाठवायची. त्यामुळे माझ्या आतल्या अस्तराला कायम त्या तेलाचा वास. सोबतचे चिडवायचे, "नव्या, शत्रूला आधी तुझा वासच येईल." तो हसून मला डोक्यावर चढवायचा.

उन्हाळ्यात डोंगरावरच्या एका चौकीवर जखमी जवान अडकले होते. त्यांना आणायला हेलिकॉप्टर गेलं. चालवत होती स्क्वाड्रन लीडर जयमाला, शेजारी नवनाथ. समोरून गोळीबार सुरू होता. तरी जयमालानं उतरवलं, जखमी आत घेतले. उडताना एक गोळी मला घासून नवनाथच्या मानेत शिरली. एका हातानं त्याची जखम दाबून धरत तिनं सगळ्यांना तळावर आणलं. जवान वाचले. नवनाथ नाही.

दोघांनाही शौर्यपदक जाहीर झालं, त्याला मरणोत्तर. तळवड्यात मात्र फ्लेक्स लागला एकट्या जयमालाचा. ती मूळ गावची, जमीनवाल्यांची. नवनाथ भाड्याच्या खोलीतला, त्याच्या घरची मतं कुठं तरी बीडकडे. त्या फ्लेक्सवर तिचा फोटो कोपऱ्यात, हात जोडलेले पुढारी मध्यभागी, आणि मागे कुठल्या परक्या देशाचं हेलिकॉप्टर. माणसं अभिमान बाळगतात तोही नीट न बघता.

वायुदलाची चौकशी संपल्यावर मी वापरातून बाद झालो. जयमालानं मला मागून घेतलं, त्याच्या आईला द्यायला. शालनबाईंनी फोनवर एकच मागितलं होतं. पोरी, ते धुऊ नको तेवढं.

तिनं धुतलं नाही. रजा मिळाल्यावर मला सुती कापडात गुंडाळून तळवड्याला आणलं. बॅग ठेवून लगेच आकुर्डीला निघणार होती. अर्ध्या तासाचा रस्ता. तेवढ्यात आजोबा, भैरूनाना, खुर्चीतून म्हणाले, "सणाच्या तोंडावर दुःखाच्या दारात जायाचं न्हाई. खंडेनवमी हू दे, मग जा."

आणि ती थांबली. गोळ्यांमध्ये हेलिकॉप्टर उतरवणारी बाई एका म्हाताऱ्याच्या खुर्चीपुढं गप्प बसली. मला त्या म्हाताऱ्याची कीव येत होती, पण राग तिचा आला. या घरात मोठ्यांनी तोंड उघडलं की विषय संपतो. त्यांना काही कळत असतं म्हणून नव्हे. लहानांनी वाद घालायचा नसतो, म्हणून.

तिचे चुलते साहेबराव. जमीन विकून त्यांनी शेड टाकली. चाकणच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. त्यांनी मला पाहिलं, माझ्यावरचा गोळीचा ओरखडा पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. नवमीला शेडमध्ये यंत्रांची पूजा असते, पाहुणे येतात. त्या पूजेत मी मधोमध हवा होतो.

"काका, ते माझं नाही. नवनाथचं आहे," जयमाला म्हणाली. "त्याच्या आईला द्यायचंय."

"कार्यक्रमापुरतं तुझंच म्हणायचं. लोकांना काय कळतंय?"

तिनं ठाम नकार दिला आणि मला कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी घरच्यांनी तिला आळंदीला दर्शनाला नेलं. दुःखाचं दार वर्ज्य होतं, पण ओळखीपाळखीच्यांना पदकवाली लेक दाखवत फिरायला सण आड येत नव्हता. पाठीमागे साहेबरावांनी कपाट उघडलं.

नवमीच्या आदल्या दिवशी शेडमध्ये सगळी यंत्रं धुऊन पुसून लख्ख करतात. त्याच ओळीत मीही लागलो. गाडी धुवायचा शाम्पू, पाण्याचा फवारा, आत हात घालून घासणं. अस्तरातून आधी लालसर पाणी निघालं, मग पांढरा फेस. मला ओरडता येत नाही. नंतर त्यांनी मला उन्हात उपडं ठेवलं.

सकाळी मी लेथ मशिनच्या शेजारी चौरंगावर होतो. ओरखड्यावर कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडू. नारळ फुटला. साहेबराव माइकवर सांगत होते, याच हेल्मेटनं आमच्या लेकीचं डोकं वाचवलं. टाळ्या पडत होत्या तेव्हा जयमाला दारातून आत आली. कुणाशी न बोलता तिनं मला उचललं, उलटं केलं आणि आत नाक घातलं.

"हे धुतलं कुणी?"

"मी स्वतः," साहेबराव म्हणाले, कौतुकाच्या अपेक्षेनं. "आत रक्ताचे डाग होते गं. पूजेत चालत नाहीत."

ती पाहुण्यांकडं वळली. "हे ज्याच्या डोक्यावर होतं, तो वाचलेला नाही. इथंच आकुर्डीत राहायचा. तुमच्यापैकी त्याच्या घरी कोण गेलंय?"

कुणीच नाही. मागून एक जण म्हणाला, "ताई, फोटो तेवढा होऊ द्या." भैरूनाना तिला खाली बस म्हणाले. या वेळी ती बसली नाही. माझ्या गळ्यातला झेंडू काढून तिनं चौरंगावर टाकला आणि मला घेऊन निघाली.

शालनबाईंनी मला दोन्ही हातांत घेतलं. आत तोंड घातलं. बराच वेळ श्वास ओढत राहिल्या, जणू खोल कुठं तरी सापडेल. मग मान वर केली. "गाडीचा वास येतोय."

"माझ्या घरच्यांनी धुतलं. परवाच येणार होते मी. आजोबा म्हणाले, सण होऊ दे."

शालनबाईंनी मला मांडीवर ठेवलं. "दुःखाच्या घरी पहिल्या वर्षी सणालाच तर येतेत गं माणसं," त्या म्हणाल्या. "मी कालपासून दार उघडं ठेवलं होतं."

जयमालाला पदक का मिळालं ते मला माहीत आहे, मी तिथं होतो. त्या दाराशी ते तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. ती खाली बसली आणि रडली. शालनबाईंनी तिला थांब म्हटलं नाही, जवळही घेतलं नाही. कणीक मळायला घेतली.

आता मी त्यांच्या फळीवर असतो, पिठाच्या डब्याशेजारी. माझ्यात वास नाही. तरी त्या रोज एकदा बघतात. जयमाला रजेचे उरलेले दिवस इथंच येऊन पोळ्या लाटत होती. घरून फोन यायचे, ती घ्यायची नाही.

साहेबराव, पुढच्या नवमीला तुम्हाला पुन्हा काही तरी मधोमध लागेलच. दुचाकीचं हेल्मेट दुकानात मिळतं. तुम्ही ते डोक्यावर कधी घालत नाही, तेव्हा कोरंच राहील. त्याला हवं तेवढं कुंकू लावा, भाषण करा. माझ्याकडं येऊ नका. इथं एक बाई अजून मला उलटं करून बघते.