डुकरांच्या पोत्यातलं औषध

झागोर्येच्या टेकड्यांवर द्राक्षाचा रस वाइन होतो तो संत मार्तीनच्या दिवशी. त्याआधी तो पिंपात कितीही फसफसो, नुसता रसच. त्याचा बाप्तिस्मा व्हावा लागतो, आणि तो करतो कागदी टोपी घालून, पडद्याचं कापड पांघरलेला गावठी बिशप. एकेक प्रार्थना झाली की बिशपाने एक पेला रिता करायचा, आणि शेवटी आरोळी ठोकायची, "वाइन झाली!" आमच्या विलीमने ही आरोळी ठोकली की हद्दीपलीकडे स्लोव्हेनियातल्या कोंबड्या दचकून अंडी घालत. काही जणी तर उकडलेलीच घालत म्हणे.

विलीमची सारी हयात दगडाच्या खाणीत गेली, पण त्याचा जीव होता त्या टोपीत. आणि यंदा डॉक्टर यागोदाबाईंनी टोपीलाच हात घातला.

"विलीमकाका, हा रक्तदाब आहे की घंटाघर? रोज सकाळी ही गोळी घ्यायची. मार्तीनच्या दिवसापर्यंत दाब उतरला तर बिशप व्हा. नाही उतरला, तर टोपी पोस्टमनला."

"त्या पोस्टमनला? तो नाकातून बोलतो, बाई! त्याने बाप्तिस्मा केला तर वाइनला पडसं होईल."

"मग गोळी घ्या."

गोळी तो घेणारच होता. पण एवढीशी पांढरी गोळी आणि एवढा मोठा बिशप, हे गणित त्याला पटेना. तेवढ्यात शेजारचा तोंचिक कुंपणावरून डोकावला. तोंचिक द्राक्षं पिकवायचा आणि फावल्या वेळात डब्यातली भुकटी विकायचा. कसली? तर विलीमने ज्या डोंगरात आयुष्यभर सुरुंग लावले, त्याच डोंगरातल्या हिरवट दगडाची.

"झिओलाइट आहे, विलीमभाऊ! याला इवली इवली भोकं. अंगातलं विष वेचून वेचून बाहेर काढतं. सांधे, यकृत, रक्तदाब, सासू, सगळ्यावर गुण."

विलीमने डबा फिरवून पाहिला आणि त्याला हसू फुटलं. असला दगड तर त्याच्या घरी पोतंभर पडला होता. बायको बारिचा तो डुकरांच्या गोठ्यात पसरायची, वास मरावा म्हणून. आणि वास मरायचा तरी किती? एकदा तिने जरा जास्त पसरला, तर पिल्लांना आईच सापडेना. हुंगून हुंगून दमली बिचारी, आणि शेवटी बकरीला लुचली.

"एवढासा चिमूटभर डबा घेऊ होय? पोतं काय मेलंय?" असं म्हणून विलीमने सकाळी पेलाभर पाण्यात मोठा चमचा भुकटी घातली. वर डॉक्टरांची गोळीही कुस्करून टाकली, दोघींचं एकमेकींशी जमावं म्हणून. ढवळलं आणि प्यायला.

बारिचा दारात कपाळाला हात लावून उभी. "अहो, डुकरांच्या अंगाखालचं आहे ते!"

"डुकरांना आहे का रक्तदाब? नाही ना? मग!"



पुढच्या तपासणीला दाब वाढलेला. विलीमने चमचे दोन केले. त्यापुढच्या तपासणीला आणखी वाढला. चमचे तीन झाले, आणि पोटाने सरकारी कचेरीसारखं दार लावून घेतलं. सकाळी आत गेलेला माणूस दुपारी बाहेर येई, तोही घामाघूम आणि रिकाम्या हाताने. इकडे पोस्टमन पत्रं टाकता टाकता नाकातून प्रार्थना घोकू लागला होता. ते ऐकून दाब अजून चढे.

शेवटी यागोदाबाई स्वतःच घरी आल्या. "काका, सकाळी उठल्यापासून काय काय करता, माझ्यासमोर करून दाखवा."

विलीमने अभिमानाने करून दाखवलं. पाणी, तीन चमचे, गोळी, ढवळणं. बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"ही भुकटी कुठली?"

"गोठ्यातली. पण आमच्याच डोंगराची हो!"

"अहो काका, या दगडाला भोकं आहेत हे खरं, गोठ्यातला वास धरतो हेही खरं. पण त्याला डोळे कुठे आहेत? पोटात गेल्यावर विष कुठलं आणि औषध कुठलं, त्याला काय कळणार? तुमची गोळी त्यानेच धरून ठेवली असेल. शपथेवर नाही सांगत, कारण माणसांवर याचा नीट अभ्यास फारसा झालेला नाही. म्हणून तर गोळीच्या जोडीला असलं काही घ्यायचं झालं, तर आधी मला विचारायचं."

"म्हणजे तोंचिकचा डबा घ्यायला हवा होता?"

"त्या डब्याने रक्तदाब उतरतो असं मी कुठे वाचलेलं नाही. आणि हे पोतं तर गोठ्यासाठीच दळलंय. त्यात शिसं किती, धूळ किती, कोणी तपासलंय? डुकरं त्यावर झोपतात, काका. न्याहारी नाही करत."

"कधी कधी करतात," बारिचा हळूच म्हणाली.

पोतं गोठ्यात परत गेलं. गोळी साध्या पाण्याबरोबर सुरू झाली. पोटाने दार उघडलं, त्याचा आवाज खाणीत ऐकू गेला आणि मजूर सुरुंग समजून आडोशाला पळाले. दाब पायरी पायरीने उतरला, पण मार्तीनच्या दिवशी अजून शेवटच्या पायरीवर अडलेला होता. यागोदाबाईंनी तो पुन्हा एकदा मोजून पाहिला.

"टोपी घाला. पण प्यायचं नाही. ओठाला लावायचं, बस."

तर यंदाचा बाप्तिस्मा होता तोंचिकच्या तळघरात. भाजलेला हंस, पनीर भरलेले वाफाळते श्त्रुक्ली, सारं गाव दाटीवाटीने उभं. विलीम प्रार्थना म्हणे, पेला ओठाला लावी आणि खाली ठेवी. लोक हळहळले, पण आवाज तोच होता. शेवटची प्रार्थना संपली. आता आरोळी. गावाने कानांवर हात ठेवले. विलीमने ओठ चाटले. पुन्हा चाटले. मग तोंड वाकडं करून, शांतपणे, तो म्हणाला, "हे तर व्हिनेगर आहे."



"काय म्हणतोस विलीमभाऊ! माझी दरवर्षी अशीच तर असते!" तोंचिक किंचाळला.

"दरवर्षी इथवर येईपर्यंत माझी जीभ कुठे शुद्धीवर असते? याचा बाप्तिस्मा नको, तोंचिक. यात काकड्या घाल."

मग एकाने चाखली, दुसऱ्याने चाखली, आणि गावाने ठरवलं की असला शुद्धीवरचा बिशप झागोर्येला आजवर लाभला नव्हता. टोपी विलीमचीच, मरेपर्यंत. पोस्टमनने पहिल्यांदाच नाक न मुरडता टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच टेकडीवरचे सगळे द्राक्षवाले रांगेत उभे. कोणाच्या हातात हॅम, कोणाच्या हातात अंडी. तोंचिक सगळ्यात पुढे.

"डॉक्टरीणबाई," तो गयावया करत म्हणाला, "पुढच्या वर्षी विलीमभाऊंना पिऊ द्या हो, पोटभर!"

"अरे, त्यांचा रक्तदाब?"

"त्यांचं राहू द्या बाई. आधी आमचा मोजा."