पाच उत्तरं, एक नियम

पहिला विमानप्रवास माणसाला नुसता जमिनीपासून वर नेत नाही, तर त्याच्या आजवरच्या सगळ्या भयांपासून मुक्त करतो. हे वाक्य मुकुंदराव खासनिसांचं. १९९६च्या फेब्रुवारीत, सुरतेतल्या नवागामच्या एका बोळात खाटेवर उभं राहून त्यांनी ते उच्चारलं. विमानप्रवासाचा स्वतःचा अनुभव म्हणाल, तर मुकुंदराव तोवर त्या खाटेइतकेच वर गेले होते.

मुकुंदराव उधन्याच्या एका बँकेत अधिकारी होते. कुणाचाही कसलाही फॉर्म भरून देणं हा त्यांचा छंद. रिकामा रकाना दिसला की त्यांचा जीव कासावीस होई. भिकन मिस्त्रीचा पासपोर्टचा फॉर्म त्यांनीच भरला होता, आणि तो पहिल्या फटक्यात मंजूर झाल्यामुळे पुढचं सगळं परदेशगमनही आपणच पार पाडायचं, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. आधार होता मेहुण्याच्या एका पत्राचा. मेहुणा गोपाळ सात वर्षांपूर्वी मस्कतला गेला होता आणि विमानतळावर काय काय झालं ते त्यानं दोन पानांत कळवलं होतं. वकील कलमांचा हवाला देतात तसा मुकुंदराव त्या पत्राचा देत.

भिकनची गोष्ट साधी होती. अमळनेरकडून विशीत सुरतेला आलेला भिकन बोरसे चोवीस वर्षं बमरोलीच्या एका खात्यात होता. सुरतेत मागाच्या कारखान्याला खातंच म्हणतात. यंदा शेठनं तिथले जुने माग काढून नवे आणले. नव्या मागांना आडवं सूत इकडून तिकडे नेणारा धोटा नव्हता. त्यांच्यात सूत पाण्याच्या फवाऱ्यावर पळायचं, आणि भिकनला धोट्याशिवायचं काही येत नव्हतं. जुने माग मात्र भंगारात गेले नाहीत. शेठच्या चुलतभावाला नैरोबीत कारखाना काढायचा होता, त्यानं ते घेतले. भिकननं एकेक माग खोलला, सुट्या भागांवर रंगानं आकडे घातले आणि पेट्या भरून दिल्या. ते आकडे त्याच्याशिवाय कुणाला कळत नव्हते. हे त्यानं मुद्दाम केलं की सवयीनं, हे त्यानं बायकोलाही सांगितलं नाही.

मग एक दिवस शेठ म्हणाला, "मशीन गयां, भिकनभाई. हवे तमे पण जाव." म्हणजे, आता तुम्हीही जा.

काम दोन वर्षांचं. माग उभे करायचे, तिथल्या लोकांना ते चालवायला शिकवायचं. हुद्दा मास्तरचा. अट एकच, मार्चच्या दुसऱ्या सोमवारी नैरोबीत हजर पाहिजे, कारण पेट्या त्याच आठवड्यात पोचणार. शनिवारचं विमान चुकलं, तर भिवंडीचा एक मिस्त्री पासपोर्ट घेऊन तयारच होता. तो म्हणे आकड्यांशिवायही माग जोडतो. हे शेठनं चहा पिता पिता, अगदी सहज सांगितलं. भिकनला ते नीट कळलं. बमरोलीत आता त्याच्या ओळखीचा एकही माग उरला नव्हता.

अडचण कानाची होती. चोवीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहून भिकनचे कान कधीच रजेवर गेले होते. ओळखीच्या माणसांचे ओठ तो वाचत असे, आणि खात्यात त्याचं काही अडत नसे, कारण तिथे सगळेच हातानं बोलतात. मूठ वर करून फिरवली की धागा तुटला. दोन्ही हातांची फुली केली की माग बंद कर. उघडा पंजा छातीकडे दोनदा ओढला की हातातलं टाक आणि इकडे ये. भिकनच्या घरातही हीच भाषा चाले. तो आणि त्याची बायको छाया यांचं भांडण अजिबात आवाज न करता होई, आणि त्यातलं काही कळत नाही अशी शेजाऱ्यांची तक्रार होती.

"इंग्रजी प्रश्न, त्यात तुम्हाला ऐकू येत नाही," मुकुंदराव म्हणाले, "म्हणून आपण प्रश्नांच्या नादाला लागायचंच नाही. प्रश्न पाच. क्रम ठरलेला. त्या क्रमानं उत्तरं द्यायची."

गोपाळच्या पत्रात पाचच प्रश्न होते. मुकुंदरावांनी उत्तरं देवनागरीत लिहून दिली. एक, बोरसे भिकन तुळशीराम. दोन, नैरोबी. तीन, लूम मास्तर. चार, टू इयर्स. पाच, पापड, चटणी, कपडे. आणि एक नियम, तो लाल शाईत: गेटचा नंबर बघून बसायचं, आणि त्याच गेटातून आत सोडेपर्यंत जागा सोडायची नाही. लोक उगाच उठतात, हिंडतात आणि हरवतात, असं गोपाळनं लिहिलं होतं. जागा न सोडण्याचं भिकनला काही विशेष वाटलं नाही. माग चालू असताना जागा सोडली की कापड बिघडतं, हे तो आयुष्यभर पाळत आला होता.

रंगीत तालीम वीजसुट्टीच्या दिवशी ठेवली. त्या दिवशी खाती बंद, त्यामुळे प्रेक्षकांची कमी नव्हती. खाट म्हणजे काउंटर, किराणेवाल्याचा तराजू म्हणजे सामानाचा काटा. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याचं काम भिकनची आई सुभद्राबाई हिला दिलं, कारण बसून करण्यासारखं तेवढं एकच होतं. तिनं ते मन लावून केलं. पासपोर्ट उलटा धरून तिनं लेकाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला कळेल असं ओठ हलवत विचारलं, "कोठे चालना रे भाऊ? परत कवय येशी?"

मुकुंदरावांनी खाटेवरूनच हरकत घेतली. परत कधी येणार, हे अधिकारी विचारत नसतो, तसं पत्रात नाही. सुभद्राबाई म्हणाली, मग तो सरकारचा पगार कशाचा घेतो? यावर बोळातल्या लोकांनी तिची बाजू घेतली आणि तालीम तिथेच संपली. भिकननं मात्र आईचे ओठ वाचले होते. त्यानं हाताची दोन बोटं दाखवली. तिनं तोंड फिरवलं आणि पासपोर्टवर चुन्याच्या डबीचा शिक्का उमटवला. तो पुसून काढण्यात मुकुंदरावांची संध्याकाळ गेली.

शनिवारी पहाटेच्या फ्लाइंग राणीनं दोघं मुंबईला निघाले. छाया स्टेशनवर आली होती. गाडी हलल्यावर इतर लोक खिडक्यांशी ओरडून ओरडून दमले. छाया मात्र फलाटाच्या टोकाशी उभी राहून निवांत हातानं बोलत राहिली. औषध वरच्या कप्प्यात आहे. चटणी एकदम संपवू नका. पोचल्याचं पत्र टाका. गाडीला वेग आला तरी तिचं एकही वाक्य अर्धं राहिलं नाही.

सहारच्या विमानतळापाशी टॅक्सीतून उतरल्यावर मुकुंदरावांनी इमारत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग म्हणाले, "पुष्कळ वाढवलाय." विमानतळ ते पहिल्यांदाच पाहत होते. दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं. भिकननं तिकीट दाखवलं, मुकुंदरावांनी गोपाळचं पत्र. शिपायानं पत्राची पहिली चार वाक्यं वाचली आणि ते त्यांना परत केलं.

"बरं मग, भिकनराव," काचेच्या दाराशी मुकुंदराव म्हणाले. "क्रम सोडू नका. बाकी सगळं तुम्हाला येतंच."

भिकन आत गेला. पहिल्या काउंटरवरच्या मुलीनं गोड हसून विचारलं, सामान स्वतः भरलंत ना? भिकन म्हणाला, "बोरसे भिकन तुळशीराम." तिनं विचारलं, खिडकीजवळची जागा हवी की वाटेकडची? भिकन म्हणाला, "नैरोबी." तिनं शेजारणीकडे पाहिलं आणि जरा मोठ्यानं विचारलं, जेवण शाकाहारी ना? "लूम मास्तर," भिकन म्हणाला. त्या मुलीनं आयुष्यात बरेच प्रवासी पाहिले असावेत. तिनं मुकाट्यानं पास हातात ठेवला आणि त्यावरच्या गेट नंबर आठवर गोल केला. भिकनला वाटलं, सुरुवात झकास झाली.

पुढे पासपोर्टवर शिक्का मारणारा अधिकारी बसला होता. त्याला दिवसभराचा कंटाळा आला होता. त्यानं पासपोर्टचं एक पान उलटलं आणि विचारलं, किती दिवसांसाठी? भिकनचं चौथं उत्तर बाकी होतं. "टू इयर्स." अधिकाऱ्यानं मान डोलावली आणि शिक्का मारला. हा चुन्याचा नव्हता. परत कधी येणार, हेच तो विचारत होता, हे त्या मान डोलावण्यावरून भिकनच्या लक्षात आलं. आईला पत्रात कळवायला पाहिजे, असं त्याला वाटलं.

तपासणीच्या दारात त्यानं कुणी सांगायच्या आधी दोन्ही हात वर केले आणि मग जेवणाचा डबा उघडून धरला. सुताच्या कांड्या चोरून नेऊ नयेत म्हणून बमरोलीत रोज सुटताना अशीच झडती होते, त्यामुळे एवढा एकच भाग त्याला तालमीशिवाय येत होता. हवालदार खूश झाला. मग त्यानं पिशवीत हात घालून एक लाकडी वस्तू काढली. हातभर लांब, होडीसारखी, दोन्ही टोकांना लोखंडी अणकुचीदार टोप्या. त्यानं ती डोळ्यांसमोर धरून विचारलं, "ये क्या है?"

"पापड, चटणी, कपडे," भिकन म्हणाला.

हवालदारानं तीच वस्तू टेबलावर जरा आपटून प्रश्न पुन्हा विचारला. भिकनची उत्तरं संपली होती. ती वस्तू त्याचा धोटा होता, शेवटच्या मागावरचा, हाताच्या घामानं काळा पडलेला. तो पेटीत भरायला त्याचा जीव झाला नव्हता. उजव्या हातातून डाव्या हातात धोटा फेकल्यासारखं करत त्यानं हवालदाराला हातांनी माग चालवून दाखवला. त्यामुळे हवालदारानं दुसऱ्या हवालदाराला बोलावलं.

तेवढ्यात फरशी पुसणारा एक पिकल्या केसांचा माणूस फडक्याचा दांडा टेकून म्हणाला, "साहेब, धोटा आहे तो. कापडाचा. आयुष्य गेलंय माझं त्याच्यापायी." त्याचं नाव मारुती. लालबागची गिरणी संपात गेली ती उघडलीच नाही, म्हणून आता तो विमानतळाच्या फरशा पुसत होता. हवालदारांनी धोटा नैरोबीच्या विमानातल्या हवाईसुंदरीकडे पाठवायचा, उतरल्यावर परत द्यायचा, असं ठरवलं. मारुती भिकनकडे वळून काहीतरी बोलला. भिकननं कानाकडे बोट केलं. मारुतीनं मूठ वर करून फिरवली, म्हणजे धागा तुटलेला दिसतोय. भिकन दिवसभरात पहिल्यांदा हसला.

आठ नंबरचं गेट सापडलं. भिकन समोरच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घेऊन बसला. तासाभरानं छतातून काहीतरी पुकारलं गेलं असावं, कारण भोवतालची माणसं एकदम उठली आणि भराभरा दुसरीकडे चालू लागली. आधी एक कुटुंब, मग पाच-सहा व्यापारी, मग सगळेच. भिकन त्यांच्याकडे दयेनं पाहत राहिला. गोपाळनं लिहिलं होतं तसंच होत होतं, लोक उगाच उठत होते. एका बाईनं त्याच्या खांद्याला हात लावून काही सांगितलं. त्यानं तिला आठचा आकडा दाखवला. ती घाईत होती, निघून गेली. थोड्या वेळानं त्या सगळ्या खुर्च्यांत भिकन एकटा उरला, आणि आपण नियम पाळला याचं त्याला समाधान वाटलं.

काचेपलीकडच्या वाटेवर मारुती फरशी पुसत होता. त्यानं मान वर केली, भिकनला पाहिलं, मग वर लावलेल्या घड्याळाकडे पाहिलं. त्यानं काचेवर थाप मारली. भिकनला ती ऐकू आली नाही, पण मागासमोर उभ्या माणसाची नजर हलत्या हातावर आपोआप जाते. मारुतीनं दोन्ही हातांची फुली केली. माग बंद. मग उघडा पंजा छातीकडे दोनदा ओढला.

मुकुंदरावांचा नियम लाल शाईतला होता. पण ही खूण चोवीस वर्षांची होती. तिच्यापुढे विचार करायची भिकनला सवयच नव्हती. तो उठला आणि पळत सुटला. काचेच्या अलीकडून तो, पलीकडून हातात फडकं घेऊन मारुती, असे दोघं वाटेच्या टोकापर्यंत समोरासमोर धावले. टोकाला मारुतीनं आधी तीन बोटं दाखवली, मग डावीकडे हात केला. तीन नंबरच्या गेटावरची मुलगी दोरी लावून घेत होती. भिकननं पास पुढे केला. धापा टाकत, कुणी काही विचारलं नसताना, त्यानं पाचही उत्तरं क्रमानं सांगून टाकली. मुलीनं दोरी काढली.

विमानात त्याला खिडकीच मिळाली. विमान उठलं तेव्हा त्याच्या कानांना काहीच झालं नाही. शेजारचे लोक कान दाबून बसले होते, आणि सगळ्या विमानात आपल्याच कानांना काही त्रास नाही, या गोष्टीचं त्याला फार बरं वाटलं. उतरताना हवाईसुंदरीनं धोटा रुमालात गुंडाळून, दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केला.

सोमवारी सकाळी ठरल्या वेळेला शेठचा चुलतभाऊ त्याला नैरोबीच्या कारखान्यात घेऊन गेला. छप्पर नवं होतं, फरशी धुतलेली होती, आणि जमिनीवर चुन्यानं चोवीस चौकोन आखलेले होते. माग अजून मुंबईच्या गोदीतच होते. एका फॉर्मातला एक रकाना रिकामा राहिला होता.